मीटरात न मावलेले लाख किलोमीटर

रुचिराला मोटरसायकल घ्यायची होती आणि ती घेताना वडिलांना विचारायचं नव्हतं. पहिली गोष्ट ते राहायचे त्या चेन्नईतल्या सगळ्या नुंगंबाक्कमला माहीत होती, दुसरी फक्त तिच्या नवऱ्याला, सिद्धार्थला. आणि त्याला ती मुळीच पटत नव्हती. सासऱ्यांचं कराडला तीस वर्षांचं गॅरेज, सासरे असे की नुसत्या आवाजावरून गाडीची कुंडली मांडतील, आणि त्यांच्या लेकीनं जुनी गाडी घेताना चेन्नईत परका मेकॅनिक शोधत फिरायचं! याला काखेत कळसा आणि गावाला वळसा नाही तर काय म्हणायचं?

"आप्पांना एक फोन कर ना," तो म्हणायचा.

"मला मापं कळतात. मी मोजून घेईन."

मोजणं हा तिचा धंदाच होता. अंबत्तूरच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासायचं काम ती करायची. तिच्या सहीशिवाय तिथून एक खोकं बाहेर पडत नसे. केसाच्या निम्म्यानं जरी माप चुकलं तरी ती तो भाग लाल टोपलीत टाकायची, मग सुपरवायझर कितीही गोड बोलो. घरीसुद्धा इडल्या जरा लहानमोठ्या झाल्या की तिची नजर आपोआप लाल टोपली शोधायची, असं सिद्धार्थ सांगे. तो स्वतः कॉम्प्युटरवाला. गाड्यांतलं त्याला एवढंच कळे की चाकं दोनच असली तर गाडी आपल्यालाच सावरावी लागते.

गाडी हवी होती ती कंपनीच्या बसपायी. अंबत्तूर तसं चाळीस मिनिटांवर, पण बस दारोदार माणसं गोळा करत पावणेदोन तास लावायची. "स्कूटर घे," सगळे म्हणाले. पण रुचिरा गॅरेजमध्ये वाढलेली. गिअर नसलेली गाडी म्हणजे तिला मीठ नसलेलं वरण वाटे.

मग एका शनिवारी चेन्नईतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रम्या नावाच्या बाईंचा निरोप आला. सासऱ्यांची मोटरसायकल विकायची आहे, मैलापूर, एकोणीस वर्षं जुनी, पहिल्यापासून एकच मालक. सोबत दोन फोटो. एकात काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली शंभर सीसीची गाडी. दुसऱ्यात मीटर. मीटरवर आकडा होता २४३१०.

सिद्धार्थनं खुर्चीतच उडी मारली. "एकोणीस वर्षांत चोवीस हजार! हा माणूस गाडी फक्त दसऱ्याच्या आयुधपूजेला बाहेर काढत असणार. उद्याच जाऊ."

रुचिरानं मात्र मीटरचा फोटो बंद केला. एवढ्या जुन्या गाडीवर एवढा लहान आकडा कसा येतो, हे तिला नीट माहीत होतं. कारण असे आकडे तिनं स्वतःच्या हातानं आणलेले होते.

ती दहा वर्षांची असताना आप्पा जुन्या गाड्या घेऊन, रंगवून विकायचे. गाडी विकायच्या आदल्या संध्याकाळी मीटर उघडायचं. आतल्या आकड्यांच्या चकत्या इवल्याशा, आप्पांची बोटं केळ्यांएवढी. मग लेकीला हाक यायची. आईची गोधडी शिवायची सुई घेऊन रुचिरा एकेक चकती मागं ढकलायची. "अठरा हजारावर आण," आप्पा म्हणायचे आणि ती अठरा हजारावर आणायची. बक्षीस म्हणून तिखटमीठ लावलेली पेरूची फोड मिळे. तिला तो खेळच वाटायचा. आपल्या बोटात जादू आहे असंसुद्धा वाटायचं.

अशीच एक अठरा हजाराची लाल गाडी तिच्या चित्रकलेच्या चौगुले सरांनी घेतली. दुसऱ्याच रविवारी ते बायकोला घेऊन चिपळूणला निघाले आणि कुंभार्ली घाटात इंजिन जाम झालं. नवराबायको भर उन्हात चार तास घाटात बसून. सोमवारी सर वर्गात आले, काही बोलले नाहीत. एरवी रुचिराचं चित्र वर धरून वर्गाला दाखवणारे सर त्यानंतर तिच्या वहीवर नुसती टिक करून पुढं जायला लागले. ती आप्पांकडे गेली आणि म्हणाली, "आप्पा, सरांना खरं सांगू या." आप्पा चाकावर वाकलेले होते. वर न बघताच ते म्हणाले, "गप बस. तुझ्याच हातानं फिरवलायस आकडा."

एवढंच. पुढं ती इंजिनिअर झाली. आकडा मागं फिरवल्यानं इंजिन जाम होत नसतं, हे तिला कुणीही सांगायची गरज उरली नाही. पण मन काही डिग्री बघून चालत नाही. आप्पांशी ती बोलायची, अगदी दर आठवड्याला. त्यांची साखर, आईचे गुडघे, कृष्णेला पाणी किती आलं, सगळं विचारायची. यंत्राबद्दल मात्र एक शब्द नाही. यंत्राबद्दल आप्पा खरं बोलतील असं तिला वाटतच नव्हतं आणि तसं वाटावं अशी मात्र तिची फार इच्छा होती. वीस वर्षं हे असंच चाललेलं होतं.

---

रविवारी सकाळी साडेआठला दोघं मैलापूरला पोचली. देवळाच्या मागच्या गल्लीत जुनं बैठं घर, दारात बारीक रेघांची रांगोळी, तिकडचं कोलम, आणि ओसरीवर पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला विभूती लावलेले व्यंकटराव. शेजारी त्यांच्या पत्नी सईबाई. हे कुटुंब मूळ तंजावरचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी घेऊन दक्षिणेत आलेलं आणि ती अजून जपून वापरणारं.

"येवा, येवा," व्यंकटराव म्हणाले. "बसायाच्या आधीं एक सांगतों. मग बसायचें कीं जायचें तें तुम्हीं ठरवा. फोटोंत चोवीस हजार दिसतें. तें खरें नव्हे."

सिद्धार्थ बसता बसता अर्ध्यावर थांबला.

"सुनेनें फोटो काढून टाकला, मला विचारलें नाहीं. मीटरांत पांच घरें. नव्याण्णव हजार नऊशें नव्याण्णव झालें कीं पुढें शून्य. गाडी एक लाख चोवीस हजार तीनशें दहा चाललेली आहे. एक लाख मीटरांत मावलें नाहीं, म्हणून काय तें धावलें नाहीं?"

रुचिरा त्यांच्याकडे बघतच राहिली. आजवर तिनं आकडे कमी करणारी माणसं पाहिली होती. ग्राहक आनंदानं डोळे मिटून यायला तयार असताना, लाख किलोमीटर आपण होऊन पदरात घालणारा हा पहिलाच.

"बसा की," सईबाई म्हणाल्या. "काफी घेवा. काफीला मीटर नाहीं."

मग कळलं की व्यंकटराव वीज मंडळात मीटर रीडर होते. तेहतीस वर्षं घरोघर जाऊन मीटर वाचलं. प्रत्येक घरात मीटरजवळ एक पांढरं कार्ड टांगलेलं असे. त्यावर तारीख, आकडा आणि तपासणाऱ्याची सही. घरमालक रागावो, चहा पाजो, नाही तर कुत्रा सोडो, मीटर म्हणेल तेच कार्डावर जायचं. गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिलाही असंच कार्ड केलं. दर दोन महिन्यांनी गाडीचा आकडा लिहून खाली सही. एकोणीस वर्षांची अशी सात कार्डं, दोऱ्यानं एकत्र बांधलेली, त्यांनी सिद्धार्थच्या हातात ठेवली.

"हे शून्य आलं तेव्हाचं," सिद्धार्थनं बोट ठेवलं. "इथं शेजारी कुंकू लावलंय."

"तें यांचें येड," सईबाई हसायला लागल्या. "शून्यें देवळासमोर यावींत म्हणून हट्ट. घरांतून निघालों तेव्हां अजून नऊ किलोमीटर बाकी. मग मला मागें बसवून देवळाच्या चारी वीथींत फिरवलें. एक फेरी, दोन फेऱ्या, सात फेऱ्या! फुलवाली विचारती, मामी, काय नवस? मी सांगिटलें, अय्यो, देवाला नव्हे, मीटराला प्रदक्षिणा घालतों."

"आलीं की नाहीं शून्यें गोपुरासमोर?" व्यंकटराव म्हणाले.

"आलीं. आणि पेट्रोल संपलें. घरीं ढकलत आणली."

सगळे हसले. रुचिराही हसली, आणि तिला एकदम त्या दोघांचा लोभ वाटला. त्यानंच ती जास्त सावध झाली. गोड माणसाकडून घेतलेली वस्तू तपासायची माणसाला लाज वाटते, आणि तिथंच तो फसतो.

"मग विकता कशाला?" तिनं विचारलं.

व्यंकटरावांनी चष्मा काढून वेष्टीला पुसला. "मी गाडी घेतली तेव्हांच ठरवलें होतें. सीटवर बसून ज्या दिवशीं मीटर वाचतां येणार नाहीं, त्या दिवशीं गाडी सोडायची. गेल्या महिन्यांत तीन कीं आठ, कळलें नाहीं. खालीं उतरून, वाकून बघितलें. तीन होतें." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "मीटर रीडराला आकडा दिसेना, मग काय राहिलें? सोडायची."

---

गाडी अंगणात स्टँडवर उभी होती. सिद्धार्थनं रुचिराला कडुनिंबाखाली ओढलं.

"एक लाख चोवीस हजार! चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारावर आहे. ही चंद्राच्या एक तृतीयांश वाटेपर्यंत गेलेली गाडी आहे. काका देवमाणूस आहेत, कबूल. पण आपण काका नाही घेत आहोत, गाडी घेतोय."

बोलला ते खोटं नव्हतं. रुचिरानं पिशवीतून आपली मापाची हत्यारं काढली आणि अर्धा तास ती त्या गाडीला लागली. टायर बघितले, चाकं हलवून बघितली, पुढचे रॉड दाबून बघितले, ब्रेकची पट्टी मोजली. सगळं वयाच्या मानानं चोख. आरसी पाच वर्षांसाठी नव्यानं करून घेतलेली. लाल टोपलीत टाकावं असं काहीही सापडेना. पण इंजिनाच्या पोटात तिची हत्यारं शिरत नव्हती. आणि तो आकडा तर ती बघतच नव्हती. मीटरवर नजर गेली की तिच्या बोटांना सुईची आठवण होई. कार्डं खरी कशावरून? छान गोष्ट सांगणाऱ्याची गाडी छान असते, असं कुठं लिहिलंय? आप्पासुद्धा गिऱ्हाइकाला छान गोष्टी सांगायचे. तिला सरळ घरी जावंसं वाटलं.

तिची घालमेल व्यंकटरावांच्या ध्यानात आली. "परवाल्लै, असूं द्या, घाई नाहीं," ते म्हणाले. "तुमच्यांत कोणी जाणतें असेल, आवाज ऐकून सांगणारें, त्यांस घेऊन येवा."

"हिचे वडीलच आहेत की!" सिद्धार्थ बोलून गेला. बोलून गेला म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. त्यानं फोन आधीच लावलेला होता. रुचिरानं त्याच्याकडे असं बघितलं की एरवी तो फोन टाकून पळाला असता. पण पहिल्याच घंटेला पलीकडून आवाज आला. "हां, बोला जावईबापू."

"आप्पा, रुचिरा एक जुनी गाडी बघतेय. तिला जरा विचारायचंय."

पलीकडे मागं रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"रुची विचारतीया?" आप्पांनी विचारलं.

आता काय करणार? तिनं फोन घेतला, स्पीकर लावला आणि गाडीच्या सीटवर ठेवला. हात मोकळे हवेत, हे तर कारण होतंच. फोन कानाशी, इतक्या जवळ, धरायची तिची तयारी नव्हती, हेही होतं.

"आप्पा, स्पीकर चालू आहे. गाडीचे मालक, त्यांच्या बाई, सगळे इथंच आहेत."

"असू दे. मीटर किती?"

"दिसतंय चोवीस हजार. पण आहे एक लाख चोवीस हजार. मीटर एकदा फिरून आलंय."

"तुला कसं कळलं?"

"मालकांनी सांगितलं."

"कुणी सांगाय लावलं त्यांना?"

"कुणीच नाही. आम्ही बसायच्या आधीच सांगितलं."

सिद्धार्थ फोन कट झाला का म्हणून वाकला. तेवढ्यात आप्पा खाकरले.

"बरं. मग आता मी सांगतो तसं कर. मी गिऱ्हाइकाला फसवायला काय काय करायचो ते एकेक सांगतो. तू एकेक बघ. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असत्यात."

सईबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला. रुचिराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"इंजिनाला हात लाव. गार आहे का गरम?"

"गार आहे."

"चांगलं झालं. मी गिऱ्हाईक यायच्या आधी वीस मिनटं गाडी फिरवून आणायचो. तापलेली गाडी पहिल्या किकला चालू होती. दुखणं झाकतं. आता पाय ठेवायची रबरं बघ. नवी हायत का जुनी? मी कायम नवी बसवायचो. पायाखालचं रबर मीटरपेक्षा खरं बोलतं."

रुचिरा वाकली. "पुढची दोन्ही गुळगुळीत झालीत. किकचंही. मागचं डावं एका अंगानं पार झिजलंय." ती पलीकडे गेली. "आणि मागचं उजवं अगदी नवं आहे."

"एकच नवं?"

"हो. कारखान्यातून आल्यासारखं."

आप्पा हसले. खरंखुरं हसले. "अगं, मग ते बदललेलं न्हाई. बाई मागं एका बाजूला पाय सोडून बसत्यात. उजव्या रबरावर कुणी पायच ठेवलेला न्हाई. बायकोला मागं बसवून फिरलेली गाडी हाय ही. असली गाडी माणूस दांडगाईनं चालवत न्हाई, मागनं बोलणी खावी लागत्यात."

"खरें, खरें," सईबाई फोनकडे वाकून मोठ्यानं म्हणाल्या. व्यंकटराव आकाशाकडे बघायला लागले.

"आता मीटर बघ," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "आकडे एका रेषेत हायत का? सुईनं फिरवलेला आकडा ओळीत बसत न्हाई. एखादा वर, एखादा खाली राहतो. तुला... तुला म्हाईत हाय ते."

आता बघणं भाग होतं. रुचिरानं मीटरवर डोळे टेकवले. दोन, चार, तीन, एक, शून्य. शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी असतात तसे पाचही आकडे सरळ ओळीत उभे होते. एकाही चकतीवर ओरखडा नव्हता.

"सरळ आहेत."

"मग ऑइल. झाकणाला कांडी असती, ती काढ. बोटावर घे. दोन बोटांत चोळ. काकवीसारखं जाड लागतं का?"

तिनं चोळलं. ऑइल काळं होतं, वापरातलं, पण पातळ. बोटांवरून सहज ओघळलं. "नाही आप्पा. पातळ आहे."

"आतून गेलेल्या इंजिनात जाड ऑइल घालत्यात. आठ-पंधरा दिवस आवाज करत न्हाई, धूर टाकत न्हाई. गिऱ्हाईक खूश. मग जातं एकदम." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "चौगुले सरांच्या गाडीत मी तसलं ऑइल घातलं होतं, रुची. इंजिन गेलेलं मला म्हाईत होतं. गाडी त्यानं बंद पडली. तुझ्या आकड्यानं न्हाई. तुझ्या हातानं काय बी झालं नव्हतं. तुला तवा जे बोललो ते माझं पाप तुझ्या अंगावर टाकायला बोललो. त्याच्यामागं मी कुणाचं मीटर उघडलं न्हाई, गाड्या विकायचं बी बंद केलं. पण तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. तू बी परत काय विचारलं न्हाईस."

सिद्धार्थ, ज्याला हे सगळं आज पहिल्यांदा कळत होतं, हातातल्या कार्डांचा दोरा सोडून पुन्हा बांधत होता. व्यंकटराव खाली बघत होते. कराडच्या बोलीतलं निम्मं सईबाईंना कळलं नसेल, पण राहिलेलं निम्मं पुरेसं होतं. त्या उठल्या आणि पदरानं रुचिराच्या बोटांवरचं ऑइल पुसायला लागल्या.

रुचिराला रडू आलं. आणि गंमत म्हणजे, हलकंही वाटलं. वीस वर्षं ती स्वतःला त्या लाल टोपलीत टाकून बसली होती. आणि वडिलांनाही. आज चार परक्या-आपल्या माणसांदेखत आप्पांनी आपण होऊन टोपली उलटी केली होती. लेकीला एक जुनी गाडी नीट मिळावी, एवढ्यासाठी.

"आप्पा," ती म्हणाली. "गाडी सुरू करू?"

"कर की. आता सगळ्यांनी गप बसा. रेडिओ बंदच हाय माझा."

गार इंजिन दुसऱ्या किकला उठलं. पहिल्यांदा जरा कुरकुरलं आणि मग एका लयीत चालायला लागलं. रुचिरानं फोन सिलिंडरजवळ धरला, मग सायलेन्सरजवळ. आप्पांनी गिअरात टाकून मागचं चाक फिरवायला लावलं, अॅक्सिलरेटरचा पीळ वाढवायला लावला, एकदम सोडायला लावला. चेन्नईच्या अंगणात चार माणसं श्वास धरून उभी, आणि कराडमध्ये एक म्हातारा कान देऊन बसलेला.

"बंद कर," आप्पा म्हणाले. "घे. डोळं झाकून घे."

"लाखाच्या वर गेलीय, आप्पा," सिद्धार्थनं शेवटचा बाण सोडला.

"जावईबापू, आमच्या रुचीची आई बी पस्तीस वर्षं चाललीय. चांगली चाललीय. नव्या वस्तूवर इश्वास ठेवाया काय लागतं? जुन्या वस्तूनं लाख किलोमीटर दाखवून दिलंय, नवीनं काय दाखवलंय?"

रुचिरानं डोळे पुसले आणि खळखळून हसली. तिला आप्पांचं पटलं. म्हणजे आप्पा म्हणाले म्हणून पटलं. असं होऊन किती वर्षं झाली होती!

---

किंमत ठरायला दोन मिनिटं लागली. सईबाईंनी दोन लिंबं आणून चाकांखाली ठेवली, टाकीला चंदनाचा टिळा लावला, कापूर ओवाळला. आणि त्या आत केळीचं पान मांडायला गेल्या, कारण जेवल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे त्यांनी परस्परच ठरवलं होतं.

व्यंकटरावांनी खिशातून पेन काढलं. शेवटचं कार्ड रुचिरापुढं धरलं. खाली एक ओळ कोरी होती.

"आजची तारीख. आकडा. आणि तपासणाऱ्याची सही," ते म्हणाले. "मी करायचा नव्हे. ज्याला आकडा दिसत नाहीं, त्यानें सही करूं नये. आतां तपासणारें तुम्हीं."

रुचिरानं तारीख लिहिली. आकडा लिहिला, १,२४,३१०, अगदी पुढच्या एकासकट. मग सहीच्या रकान्याशी तिचा हात थांबला. कारखान्यात दिवसाला शंभर सह्या करणारी बाई, पण ही एक सही तिनं सावकाश, शाळेतल्यासारखं वळण काढून लिहिली. काशिनाथ जगदाळे.

"अगं, हे तर आप्पांचं नाव!" सिद्धार्थ वाकून म्हणाला. "ही तुझी सही कुठाय?"

"तपासलं कुणी?" तिनं विचारलं.

व्यंकटरावांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, नाव वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तरी मान हलवली. "सरी," ते म्हणाले. "बरोबर आहे."

रुचिरानं कार्डाचा फोटो काढून आप्पांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर काही आलं नाही.

जेवणं झाली. उडदाच्या पिठाचं डांगर, सार, भात, वर पुन्हा कॉफी. निघायच्या आधी सईबाई काही न विचारता रुचिराच्या मागं सीटवर बसल्या. नेहमीच्या सवयीनं, दोन्ही पाय डावीकडे. "एक फेरी," त्या म्हणाल्या. दोघी देवळाच्या चारी वीथींतून हळूहळू फिरून आल्या. फुलवालीनं हात केला. गाडी कुठं अडखळली नाही. फक्त वळणावर मागून खळखळ असा बारीक आवाज येत होता, तो रुचिरानं ऐकला आणि आपल्या मनाचा खेळ समजून सोडून दिला. परत आल्यावर व्यंकटरावांनी बायकोला हात देऊन उतरवलं, जणू त्या रामेश्वर करून आल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांचे दोन निरोप होते. पहिला, "सही बघितली." दुसरा त्याच्या खाली, "चेन सैल हाय. चाक फिरवलं तेव्हा ऐकू आलेलं, मघाशी सांगायचं राहून गेलं. आजच ताणून घे."

रुचिरानं दोन्ही निरोप दोनदा वाचले. मग तिनं व्यंकटरावांकडे पाना मागितला आणि चांगल्या कपड्यांनिशी अंगणात फतकल मारून मागच्या चाकाशी बसली.

"घरी जाऊन नाही का जमणार?" सिद्धार्थ म्हणाला. "ऊन बघ किती आहे."

"नाही," ती नट सोडवता सोडवता म्हणाली. "आप्पांनी आजच सांगितलंय."